नर-मादी ससे एका घरात: आज वेगळे करा, म्हणजे पुढे कायमचे एकत्र ठेवता येतील

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. चिंचवडच्या एका ताईंनी मे महिन्यात मुलांसाठी दोन पांढरे ससे आणले, तेव्हा ते साधारण दोन महिन्यांचे होते. दुकानदाराने सांगितलं, "दोन्ही माद्या आहेत, काही कटकट नाही." दिवाळीच्या सुमारास एका सकाळी पिंजऱ्याच्या जाळीवर पाच उघडी पिल्लं पडलेली दिसली. दोन दिवसांत पाचही गेली. त्यानंतर बरोबर ३१ दिवसांनी मादी पुन्हा व्यायली. या वेळी सहा झाली, त्यातली चार जिवंत आहेत आणि आज नऊ दिवसांची आहेत. नर अजून त्याच पिंजऱ्यात आहे, कारण "वेगळा केला की दोघंही जाळी चावत बसतात, बघवत नाही." ताईंनी विचारलंय: नर-मादी एकत्र ठेवायचेच नाहीत का? ऑपरेशन करायचं तर कोणाचं? मादीला एकदा तरी नीट पिल्लं होऊ दिली नाहीत तर ती आजारी पडते, असं सगळे म्हणतात, ते खरं का? आणि या पिल्लांचं काय करायचं?

ताई, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि नराला बाहेर काढा. मोठा खोका, आंघोळीचा टब, दुसऱ्या खोलीचा कोपरा, आत्ता जे हाताशी असेल ते चालेल. मग बसून वाचा.

एवढी घाई का, ते सांगते. गाय-म्हैस व्यायल्यावर पुन्हा माजावर यायला काही आठवडे जातात. सशाची मादी व्यायल्यावर काही तासांत पुन्हा नर घेते आणि पुन्हा गाभण राहते. तुमच्या दोन वेतांमधलं अंतर ३१ दिवस आहे, आणि सशाचा गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचाच असतो. म्हणजे पहिली पाच पिल्लं जाळीवर गारठत होती, त्याच दिवशी ती दुसऱ्यांदा गाभण राहिली. दुसऱ्या वेताच्या दिवशीही नर शेजारीच होता. त्यामुळे आज ती चार पिल्लांना पाजतेय आणि बहुधा पोटात तिसरं वेत घेऊन बसलीय, असं धरूनच मी पुढचं लिहितेय.

गावाकडे जनावरं बघितलेल्या माणसांची इथे हमखास गफलत होते. गाईला २१ दिवसांचा फेरा असतो. ती हंबरते, सोट टाकते, आपल्याला माज ओळखता येतो. मादी सशाचं तसं नाही. तिच्या अंडाशयात बीजं तयार होऊन थांबलेली असतात आणि नराशी संग झाल्यावरच, साधारण १० ते १२ तासांनी, सुटतात. म्हणजे ठरावीक माज नाही आणि सुरक्षित दिवसही नाहीत. "दिवसा आमच्या देखरेखीखाली एकत्र सोडतो, रात्री वेगळे ठेवतो" असं सांगणारे लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात. सशाचा संग काही सेकंदांत उरकतो. चहा गाळायला आत गेलात तेवढ्यात झालेला असतो.

आता वेगळं ठेवण्याबद्दल. तुम्हाला जी भीती वाटतेय ती रास्त आहे. ससा कळपात राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवला की खंगतो. म्हणून त्याला दुसऱ्या मजल्यावर किंवा मावशीकडे पाठवू नका. दोन पिंजरे किंवा दोन कुंपणं समोरासमोर ठेवा, मध्ये चार बोटं ते वीतभर मोकळी जागा सोडा. एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, वास आला पाहिजे, पण जाळीला जाळी चिकटलेली नको. एकेरी जाळीतून ससे एकमेकांची नाकं फोडतात, आणि संगही करतात. हे मी दोनदा पाहिलंय. दर एक-दोन दिवसांनी नराखालचा टॉवेल मादीच्या बाजूला आणि तिचा त्याच्या बाजूला टाका, म्हणजे वासाची ओळख पुसली जात नाही. पहिले दोन-तीन दिवस दोघंही जाळी चावतील, पाय आपटतील. ते चालेल. लक्ष फक्त खाण्यावर आणि लेंड्यांवर ठेवा. ससा १२ तास काहीच खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील किंवा बारीक मोहरीएवढ्या पडत असतील, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सशाचं आतडं थांबलं की फार वेळ हातात राहत नाही.

दुकानदाराने तुम्हाला मुद्दाम फसवलं, असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांच्या सशाचं लिंग ओळखायला सरावाचा हात लागतो, आणि दुकानात तो बहुतेकांना नसतो. पण तुमच्या चार पिल्लांसाठी ही गोष्ट तुम्हाला यायलाच हवी, म्हणून नीट सांगते. जमिनीवर बसा, मांडीवर टॉवेल घ्या. सशाला कान धरून कधीच उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय अधांतरी राहिले तर तो लाथ झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच मणका मोडून घेतो. पाठ तुमच्या पोटाला टेकवून त्याला अर्धवट बसता करा आणि शेपटीच्या पुढे जे छिद्र दिसतं त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनीने हलकेच दाब द्या. नराचं छिद्र गोल दिसतं आणि दाबल्यावर छोटी नळी पुढे येते, टोकाला ठिपका असावा तशी. मादीची उभी फट दिसते, गव्हाच्या दाण्यावर असते तशी, आणि ती गुदद्वाराच्या दिशेने लांबत जाते. आठ आठवड्यांच्या आत दोन्ही इतकी सारखी दिसतात की मीही पेन्सिलीने "बहुधा" असं लिहून ठेवते आणि दहाव्या, बाराव्या आठवड्यात पुन्हा बघते. त्या सुमाराला नराची अंडं खाली उतरतात, मागच्या पायांच्या मधे दोन लांबट, केस नसलेल्या पिशव्या दिसतात. पण घाबरला की ससा अंडं पोटात ओढून घेऊ शकतो. पिशव्या दिसल्या नाहीत म्हणून मादी समजू नका.

पहिली पाच पिल्लं का गेली, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला माहीत आहे की ते मनात आहे. ती थंडीने गेली. सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे-कान बंद असतात, अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. मादीला गाभणपणात आडोसा आणि गवत मिळालं तर ती शेवटच्या दिवसांत छातीचे, पोटाचे केस उपटून इतकं मऊ घरटं करते की आत हात घातला तर ऊब लागते. तुमच्या मादीला फक्त तारेची जाळी मिळाली. यात तुमचा दोष नाही, ती गाभण आहे हेच तुम्हाला माहीत नव्हतं. आणि ती वाईट आईही नाही. पहिलटकरणीकडून असं होतं.

आता जी चार आहेत त्यांचं बघू. तुम्ही लिहिलंय, "आई त्यांच्याजवळ जातच नाही, आम्ही ड्रॉपरने गाईचं दूध देतो." ते आजच थांबवा. मादी ससा दिवसातून एकदाच पाजते, फार तर दोनदा, तेही पहाटे किंवा रात्री, आणि तीन ते पाच मिनिटांत उठून जाते. उरलेला दिवस ती मुद्दाम लांब राहते. रानात शिकारी प्राण्याला बिळाचा पत्ता लागू नये म्हणून तिच्या जातीने लावून घेतलेली सवय आहे ती. दूध मात्र इतकं दाट असतं की एका पाजण्यावर पिल्लू २४ तास काढतं. ड्रॉपरने पाजताना थेंब फुप्फुसात गेला की पिल्लू न्यूमोनियाने जातं, आणि गाईचं दूध त्याला मानवतही नाही.

पिल्लं उपाशी आहेत की नाही, ते असं बघा. पहाटे हात धुऊन त्याच घरट्यातलं थोडं गवत तळहातावर चोळा आणि एकेक पिल्लू उचला. (माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत पाळीव सशांना लागू नाही. ती तुमच्या वासाला सरावलेली असते.) पाजलेल्या पिल्लाचं पोट टम्म, पिकल्या बोरासारखं असतं, आणि पहिल्या काही दिवसांत तर पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध दिसतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते, पोट आत गेलेलं असतं आणि हात लावताच ते वर उसळून तोंड मारतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करून वहीत लिहा. आकडा रोज वाढला पाहिजे, किती वाढला याची चिंता नको. एखादं गार लागलं तर आधी हातात, छातीशी धरून ऊब द्या, मगच घरट्यात ठेवा. गार पिल्लू दूध ओढू शकत नाही. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतील, म्हणजे या आठवड्यातच. मुलांना ते जरूर दाखवा. तेरा-चौदा दिवस झाले तरी डोळा चिकटलेलाच असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसा.

मादीला या दिवसांत पाणी कमी पडू देऊ नका, बाटलीबरोबर जड वाडगाही ठेवा. पाजणाऱ्या आईला लसूणघास जरूर द्या, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. तोच घास ऑपरेशन झालेल्या, बसून असलेल्या मोठ्या सशाला रोज दिला तर लघवीत खडे होतात. त्याला हरळी, मारवेल, वाळलेलं गवत, थोडी कोथिंबीर, मेथी. बिस्किट, चपाती, भात कोणालाच नको. गाजर म्हणजे त्याचा पेढा, रोजचं जेवण नाही.

मादी खरंच गाभण आहे का, हे १२ ते १४ दिवसांचं पोट असताना सरावलेला डॉक्टर हाताने चाचपून सांगू शकतो. पोटात हिरव्या द्राक्षांएवढ्या गोल गाठी बोटांखालून सरकतात. घरी दाबून बघू नका, गर्भ फुटतात. म्हणजे अजून तीन ते पाच दिवसांनी तिला दाखवायचं. पाजत असताना गाभण राहिलेल्या मादीचे गर्भ कधीकधी आतल्या आत जिरून जातात, त्यामुळे ती रिकामीही निघू शकते. निघाली तर उत्तम. पोटात असलंच, तर लवकरच्या दिवसांत गर्भासकट गर्भाशय काढता येतं, पण दूध उतरलेलं असताना पोटाच्या कातडीखाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि चार पिल्लं तिच्यावरच जगताहेत. अशा मादीचं पोट मी तातडीचं कारण असल्याशिवाय उघडत नाही. मी तिसरं वेत होऊ देईन, आणि ते शेवटचं. हिशोब असा: व्यायल्या दिवशीच गाभण राहिली असेल तर आजपासून साधारण २२ दिवसांनी व्यायेल. १८व्या-१९व्या दिवसापर्यंत घरटं तयार हवं. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी, पुढची बाजू सहा इंचांवर कापलेली, आत भरपूर वाळलेलं गवत. आत्ताची चार तेव्हा चार आठवड्यांची झालेली असतील, त्यांना तेव्हा आईपासून काढायचं. गाभण नसेल तर ती सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू देत, ते त्यांच्यासाठी जास्त चांगलं.

एक लक्षात ठेवा. मादीने केस उपटले, गवत तोंडात धरून पळत सुटली, म्हणजे ती गाभण असेलच असं नाही. खोटी गाभणही राहते, दुसऱ्या मादीने अंगावर चढून खेळ केला तरी. ती १६ ते १८ दिवसांत ओसरते.

आता त्या "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" बद्दल. हे मला रोज ऐकावं लागतं, डॉक्टरांच्या आया सांगतात, शिक्षक सांगतात. याला कसलाही आधार नाही. मादी सशाला पिल्लं झाल्याने कोणताच रोग टळत नाही. उलट तिच्या जिवावर येणारं सगळ्यात मोठं दुखणं तिच्या गर्भाशयातच असतं. ऑपरेशन न झालेल्या, चार वर्षांच्या पुढच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर इतका आढळतो की काही जातींवर झालेल्या जुन्या अभ्यासांत तो निम्म्याहून अधिक माद्यांत सापडला आहे. तिला किती वेतं झाली यावर ते ठरत नाही, वयावर ठरतं.

पाच वर्षांची एक राखाडी मादी माझ्याकडे आली होती. कधीच नराजवळ न ठेवलेली, घरच्या लेकीसारखी वाढवलेली. घरच्यांनी सांगितलं, "अधूनमधून लाल लघवी करते, बीट जास्त झालं असेल." सशाची लघवी खरंच खाण्यातल्या रंगद्रव्यांनी नारिंगी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण ती सगळी लघवी एकसारखी रंगते. हिच्या पांढऱ्या टॉवेलवर पिवळट डाग होता आणि त्यात रक्ताचे वेगळे ठिपके, शेवटी एक छोटी गुठळी. पोटात सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा फुप्फुसात पसरलेलं दिसलं. त्या घरातल्या आजोबांनी एकच विचारलं, "हे आधी कोणी सांगितलं का नाही?" त्यानंतर मादी ससा समोर आला की, तो नखं कापायला आलेला असला तरी, मी हे सांगतेच.

म्हणून ऑपरेशन दोघांचं. नराचं आधी, कारण ते सोपं, लवकर होणारं आणि तुमचा तातडीचा प्रश्न सोडवणारं. मादीचं नंतर, पिल्लं सुटून दूध आटल्यावर, तिच्या स्वतःच्या आयुष्यासाठी. ससा चांगला सांभाळला तर आठ ते दहा वर्षं जगतो, ते आयुष्य तिला मिळावं म्हणून. नराचं अंडं उतरल्यानंतर, चार-पाच महिन्यांपासून पुढे कधीही करता येतं. तुमचा नऊ महिन्यांचा आहे, या आठवड्यातही चालेल. त्याने भिंतीवर लघवीच्या पिचकाऱ्या मारणं, पायाभोवती गोल फिरणं, उशांवर चढणं हेही बरंच कमी होतं.

पण नराच्या ऑपरेशनबद्दल एक गोष्ट मी एका सशाच्या जिवाची किंमत मोजून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका नराचं ऑपरेशन केलं, "दहा दिवसांनी जखम दाखवायला आणा" म्हणून घरी पाठवला. दहा दिवसांनी जखम सुरेख भरली होती. त्या लोकांनी आनंदाने त्याला मादीच्या पिंजऱ्यात सोडलं. महिन्याने मादी अडली. लहान चणीची, त्यातून पिल्लू आडवं. मी तिला वाचवू शकले नाही. अंडं काढली तरी पुढच्या नळ्यांमध्ये आधीचं वीर्य उरलेलं असतं आणि नर चार आठवडे, कधी त्याहून जास्त, मादीला गाभण ठेवू शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या लोकांना सांगायचं राहिलं होतं. चूक माझी होती. आता मी सहा आठवडे सांगते आणि घरी न्यायच्या कागदावर तारीख लाल पेनाने लिहून देते: या तारखेच्या आत मादीजवळ नाही.

डॉक्टर निवडताना नुसतं "ससे बघता का" एवढं विचारू नका. विचारा, सशांची ऑपरेशनं नियमित करता का, भूल कोणती देता, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते. सशाला उलटी करताच येत नाही, आणि उपाशी ठेवलं की त्याचं आतडं थांबतं. "रात्री आठनंतर काही देऊ नका" असं कोणी सशाबद्दल सांगितलं तर नमस्कार करून दुसरीकडे जा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही चौकशी करता येईल. घरातला डबा आणि नेहमीचं गवत बरोबर न्या, शुद्धीवर आल्यावर तासा-दोन तासांत त्याने तोंड हलवलं पाहिजे. वेदनाशामक औषध पूर्ण दिवस द्या. दुखत असलेला ससा ओरडत नाही, फक्त कोपऱ्यात दात करकरत बसतो आणि खाणं सोडतो. जखम भरेपर्यंत खाली भुसा नको, स्वच्छ सुती कापड घाला. आणखी दोन गोष्टी घरी लिहून चिकटवा, कारण यांनी ससे मेलेले मी पाहिलेत: घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने द्यायचं नाही, आणि पिसवा-गोचिडांसाठीचा फिप्रोनिलचा स्प्रे सशाला मारायचा नाही, तो कुत्र्यासाठी कितीही चांगला असला तरी.

एवढं झालं की मग एकत्र. तुमच्याकडे मादी गाभण निघाली, तर हे सगळं उरकायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. तोवर समोरासमोर. ऑपरेशन झालेला नर आणि ऑपरेशन झालेली मादी ही सशांची सगळ्यात टिकाऊ जोडी, दोन नरांपेक्षा आणि दोन माद्यांपेक्षाही. पण तीन महिने वेगळे राहिलेले ससे थेट एकमेकांच्या पिंजऱ्यात सोडू नका, मादी आपली जागा राखायला चावते. दोघांच्याही ओळखीची नसलेली जागा घ्या. फ्लॅटमध्ये बाथरूम बरं पडतं, फक्त फरशीवर सतरंजी टाका, पाय घसरले की ससा घाबरतो. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, मध्ये कोथिंबिरीची जुडी. थोडा पाठलाग, अंगावर चढणं, तोंडातून केसांचा एखादा झुबका, इतकं चालतं. शेपट्या वर करून दोघं गोल-गोल फिरायला लागले, कान मागे चिकटले, तर जाड टॉवेल मध्ये टाका. हात घालू नका, चावा खोल बसतो. रोज थोडा वेळ वाढवत जा. एक दिवस एक जण मान खाली घालून बसेल आणि दुसरा त्याचं कपाळ चाटायला लागेल. त्यानंतरही दोन-तीन रात्री त्यांच्या शेजारी झोपा, मग कुंपण एक करा. निदान आठ फूट बाय पाच फूट जागा द्या आणि तारेची जाळी पायाखालून कायमची काढा. त्या जाळीने टाचांना फोड येतात. पांढरे लाल डोळ्यांचे ससे बहुतेक न्यूझीलंड व्हाइट जातीचे असतात, मोठेपणी चार-पाच किलो भरतात. दुकानातला तो दीड फुटी पिंजरा यांच्यासाठी नव्हताच.

उन्हाळ्यात नराची प्रजननशक्ती कमी होते हे खरं, पण त्यावर विसंबू नका. उन्हाळ्याची खरी काळजी वेगळी आहे. तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास होतो, त्याला घाम येत नाही, धापा टाकूनही फारसं भागत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि खाली गार फरशी द्या.

राहिली चार पिल्लं. सशाला नातं कळत नाही. मुलगा आईला गाभण ठेवतो, भाऊ बहिणीला. चार महिन्यांच्या आसपास ती वयात येतात, काही त्याआधीही. म्हणून दहाव्या आठवड्यात लिंग पाहून नर आणि माद्या वेगळे करा, बाराव्यात पुन्हा खात्री करा. नरांना बापाबरोबर ठेवू नका. ते लढतात, आणि एकमेकांची अंडं फाडण्यापर्यंत मजल जाते. देताना एकेकटं देऊ नका, दोन माद्या एकत्र द्या, नर देणार असाल तर ऑपरेशनचं बोलणं आधी करून घ्या. आठ आठवड्यांच्या आत कोणालाही नको. वाढदिवसाची भेट म्हणून नको. ज्या घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः येऊन सशाची लघवीची पेटी बघितली, त्या घरात द्या.

टेकडीवर सोडायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. दर वर्षी पावसाळ्यात कोणीतरी पुण्याच्या टेकड्यांवर पांढरे ससे सोडतं, "हिरवळ आहे, मजेत राहतील" म्हणून. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा हिरव्या गवतात लांबून दिसतो, आणि कुत्री त्याला पहिल्याच रात्री गाठतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांनी आणलेले, अर्धे फाटलेले ससे मी शिवलेत.

तुमच्या मामांनी गावाकडून रानससा आणून देतो म्हटलंय, तेही नको म्हणून सांगा. आपला रानससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. शिवाय तो हा ससा नव्हेच. आपण पाळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. रानससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. दोघांची पैदास होत नाही. शेजारणीने सुचवलेला गिनी पिगही सशाबरोबर नको. सशाची एक लाथ त्याची बरगडी मोडायला पुरते, सशाच्या नाकातले जंतू त्याला न्यूमोनिया देतात, आणि त्याला क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, सशाला लागत नाही.

तर आज नर वेगळा. उद्यापासून पहाटे वजनाची वही. तीन ते पाच दिवसांत मादीचं पोट दाखवायचं आणि त्याच वेळी नराच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची. दोघांना घेऊन याल तेव्हा दोन वेगळ्या टोपल्यांत आणा. रिक्षातली वीस मिनिटंही पुरतात.